कर्ज थकलं तर काय? बँकेच्या कागदांचं जपानी भाषांतर करणाऱ्यांसाठी

पिंपरी-चिंचवडमध्ये जपानी शिकलेल्या माणसाला आजवर मिळत आलेलं काम बहुतेक शॉप फ्लोअरवरचं आहे. ड्रॉइंगवरच्या सूचना, क्वालिटीचे अहवाल, कायझेनच्या बैठका, जपानहून आलेल्या इंजिनिअरसोबत लाइनवर उभं राहून करायची दुभाषेगिरी. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिकून, जेएलपीटीची एन-२ किंवा एन-१ पातळी गाठून जो या पट्ट्यात येतो, तो या कामाला लवकर सरावतो. चाकणचा ब्रिजस्टोनचा कारखाना घ्या किंवा तळेगावचा मित्सुबिशी इलेक्ट्रिकचा. कारखाना म्हटला की यंत्रांच्या मागोमाग बँकेचे कागदही आलेच. उपकंपनीने इथल्या बँकेकडून रुपयांत कर्ज घेतलं तर तिचं सँक्शन लेटर जपानमधल्या मुख्य कार्यालयाला वाचायचं असतं. भोसरीचा एखादा पुरवठादार जपानी कंपनीला सुटे भाग देऊ लागला की त्याचा ताळेबंद आणि त्याच्या बँक लिमिटची माहिती मागितली जाऊ शकते. २०२५ मध्ये सुमितोमो मित्सुई बँकिंग कॉर्पोरेशनने येस बँकेत सुरुवातीला २० टक्के हिस्सा घेतला, तेव्हापासून तर एका भारतीय बँकेच्या मालकीतच जपानी बँक आली आहे. अशा वेळी यंत्रांची भाषा उत्तम येणाऱ्या भाषांतरकाराच्या टेबलावर हायपोथिकेशन, ड्रॉइंग पॉवर आणि मोरेटोरियम हे शब्द येऊन पडतात, आणि तो कोश उघडतो. हा लेख त्या क्षणासाठी आहे.

माझं म्हणणं एकच आहे. बँकेतल्या संज्ञेचा अर्थ पैसे थकल्यावर काय होतं यावरून ठरतो. म्हणून भाषांतराआधी प्रत्येक संज्ञेला एक प्रश्न विचारावा: उद्या हप्ता चुकला, तर या शब्दाच्या जोरावर कोण, कुणाकडून, किती दिवसांत, काय मागू शकतो? मराठी किंवा इंग्रजी कागद वाचणाऱ्याला या प्रश्नाचं जे उत्तर मिळतं, तेच जपानी वाचणाऱ्याला मिळालं तर भाषांतर बरोबर. उत्तर बदललं, तर शब्द कोशात कितीही ठळक छापलेला असो, तो चुकला.

मोरेटोरियमचंच पाहा. टर्म लोनच्या सँक्शन लेटरमध्ये ‘मोरेटोरियम १२ महिने’ असं सर्रास लिहिलेलं असतं. नवी प्रेस किंवा पेंट शॉप उभी राहून उत्पादन सुरू होईपर्यंत मुद्दलाचे हप्ते लागू नयेत म्हणून पहिल्या दिवसापासून ठरलेली ही मुभा. व्याज बहुधा दरमहा भरावंच लागतं. कोशात ‘हेन्साई यूयो’ सापडतो, म्हणजे परतफेडीला दिलेली सवड. शब्दशः चूक काढता येणार नाही. पण जपानी बँकिंगमध्ये हा शब्द अडचणीत आलेल्या कर्जदाराला चिकटलेला आहे. जागतिक मंदीनंतर लहान-मध्यम उद्योगांचे हप्ते सैल करून द्यावेत म्हणून डिसेंबर २००९ मध्ये जपानने कायदा लागू केला, तो मार्च २०१३ पर्यंत चालला, आणि त्याचं बोलीतलं नाव होतं ‘मोरातोरियामु-हो’, म्हणजे मोरेटोरियमचा कायदा. तेव्हा कातकानात नुसतं ‘मोरातोरियामु’ लिहूनही सुटका नाही. मुख्य कार्यालयातल्या वित्त विभागाचा माणूस हे वाचून विचारणार, की चाकणची कंपनी उत्पादन सुरू होण्याआधीच हप्ते का भरू शकत नाही? इथे हवा असलेला शब्द ‘गान्किन सुएओकी किकान’ आहे, म्हणजे मुद्दल जागच्या जागी ठेवण्याची ठरलेली मुदत. उलट रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये कोविडच्या काळात दिलेलं मोरेटोरियम हे खरोखर हेन्साई यूयोच होतं. एकाच कंपनीच्या एकाच फाइलमध्ये एकच इंग्रजी शब्द दोन जागी आला आणि त्याची दोन भाषांतरं झाली, तर ती विसंगती मानू नका. तसंच करायला हवं.

हा प्रश्न लावून पाहिला की सगळ्या संज्ञा सारख्याच धोक्याच्या नाहीत, हेही कळतं. आयात-निर्यातीच्या संज्ञा सर्वांत सोप्या. लेटर ऑफ क्रेडिटला ‘शिन्योजो’, बिल ऑफ लेडिंगला ‘फुनानी शोकेन’, कागदपत्रांतल्या तफावतीला तिथल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी असलेला ‘दिसुकुरे’. इथे कोशावर विसंबायला हरकत नाही, कारण न्हावाशेव्याहून माल पाठवणारा निर्यातदार आणि योकोहामाची बँक एकाच नियमांवर चालतात: आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सची यूसीपी ६००, जी १ जुलै २००७ पासून लागू आहे. नियम एक, म्हणून अर्थ एक. खरी कसोटी लागते ती देशांतर्गत कर्ज, तारण आणि हमीच्या शब्दांत; त्यांच्या मागे दोन वेगळे कायदे उभे असतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

त्यातला रोज भेटणारा शब्द कॅश क्रेडिट, आपल्याकडच्या बोलण्यातली ‘सीसी’. जपानमध्ये हिची जुळी बहीण नाही. सर्वांत जवळचं ‘तोझा काशिकोशी’, म्हणजे ओव्हरड्राफ्ट. पण सीसीचा जीव लिमिटपेक्षा ड्रॉइंग पॉवरमध्ये असतो, आणि ती दरमहा दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवरून बदलते. समजा भोसरीच्या एका प्रेस शॉपला ५ कोटींची सीसी मंजूर आहे. महिन्याअखेर माल ४ कोटींचा, त्यातले १ कोटी पुरवठादारांना अजून द्यायचे. उरलेल्या ३ कोटींवर २५ टक्के मार्जिन कापून २ कोटी २५ लाख. येणी ३ कोटींची, त्यांवर ४० टक्के मार्जिन, म्हणजे १ कोटी ८० लाख. ड्रॉइंग पॉवर झाली ४ कोटी ५ लाख. मंजुरी ५ कोटींची असली तरी त्या महिन्यात उचलता येते ती इतकीच. ‘तोझा काशिकोशी, मर्यादा ५ कोटी’ असं लिहून भाषांतरकार पुढे गेला, तर जपानी वाचक ५ कोटी हाताशी आहेत असं धरून चालणार. शिवाय स्टॉक स्टेटमेंट तीन महिन्यांहून जुनं झालं तर त्यावर काढलेली उचल अनियमित ठरते आणि ती अनियमितता सलग ९० दिवस राहिली तर खातं एनपीए होऊ शकतं. म्हणजे हप्ता नसलेल्या या खात्यातही ‘थकणं’ आहे, फक्त ते वेगळ्या वाटेने येतं. मी ‘क्याश्शु कुरेजित्तो’ असं कातकानात लिहून पहिल्या वेळी कंसात दोन ओळींचा खुलासा देण्याच्या बाजूचा आहे: माल व येणी यांच्या नजरगहाणावर (हायपोथिकेशनवर) दिलेली, दरमहा उचलमर्यादा बदलणारी फिरती कर्जसोय. खुलासा मात्र हवाच. जपानीत ‘क्याश्शिंगु’ म्हणजे कार्डावर काढलेली रोख उचल आणि ‘कुरेजित्तो’ म्हणजे बहुतेकांच्या मनात क्रेडिट कार्ड, तेव्हा नुसतं कातकाना वाचणाऱ्याला भलतीकडेच नेईल.

तारणाच्या बाबतीत या पट्ट्याचा स्वतःचा एक प्रश्न आहे, आणि इथे काम करणाऱ्याने तो पक्का ध्यानात ठेवावा. एमआयडीसीचा भूखंड कंपनीच्या मालकीचा नसतो. तो साधारणपणे ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, आणि तो बँकेकडे गहाण ठेवायचा तर एमआयडीसीची संमती लागते. सँक्शन लेटरमध्ये ‘लीजहोल्ड हक्कांचं गहाण’ असं येतं. गहाणाला ‘तेइतोकेन’ आणि भाडेपट्ट्याच्या हक्काला ‘चिन्शाकुकेन’ हे दोन्ही शब्द सुटे सुटे बरोबर आहेत. एकत्र केले की जपानी वकील थबकतो, कारण जपानच्या नागरी संहितेच्या ३६९ व्या कलमानुसार तेइतोकेन मालकीच्या स्थावरावर बसवता येतो, शिवाय ‘चिजोकेन’ आणि ‘एइकोसाकुकेन’ या दोन भू-हक्कांवर; साध्या भाडेपट्ट्यावर बसवता येत नाही. म्हणजे जपानी कायद्याच्या चष्म्यातून ते वाक्य अशक्य कोटीतलं ठरतं, आणि वाचकाला वाटतं की एक तर बँकेने चूक केली किंवा भाषांतरकाराने. इथे धीटपणे सांगावं लागतं की हे भारतीय कायद्यानुसारचं गहाण आहे, भूखंड ९५ वर्षांच्या पट्ट्याचा आहे, पट्टा देणारं महामंडळ राज्य सरकारचं आहे आणि त्याचं संमतीपत्र जोडलं आहे. अशीच अडचण टायटल डीड बँकेकडे ठेवून केलेल्या गहाणाची. आपल्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमात, म्हणजे १८८२ च्या कायद्यात, त्याची सोय आहे, जपानमध्ये नोंदणीवर सगळी भिस्त असल्याने तशी रीत नाही. माल आणि यंत्रं यांच्या नजरगहाणाला ‘शिचिकेन’ मुळीच लिहू नये. शिचिकेन म्हणजे वस्तू सावकाराच्या ताब्यात देऊन ठेवलेलं गहाण. नजरगहाणात प्रेस मशीन कारखान्यातच चालू राहते. जवळचा शब्द ‘जोतो तान्पो’, पण त्यात कायद्याच्या दृष्टीने मालकी सावकाराकडे गेल्याचं गृहीत धरलेलं असतं, तेव्हा ‘त्यासारखं, मात्र मालकी कर्जदाराकडेच’ एवढी टीप हवी.

हमीच्या शब्दावर मात्र कुणाचं घर उभं राहतं किंवा पडतं. भारतीय करार अधिनियम १८७२, कलम १२८: करारात वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँक आधी कर्जदाराच्या मागे न लागता थेट जामीनदाराकडे जाऊ शकते. जपानी ‘होशो’ तसा नाही. साधा होशो दिलेला माणूस म्हणू शकतो, आधी मूळ कर्जदाराकडे मागा, त्याच्याकडे मालमत्ता आहे ती आधी वसूल करा. जपानी नागरी संहितेची ४५२ आणि ४५३ ही कलमं त्याला तो हक्क देतात. ‘रेन्ताई होशो’ दिलेल्याला तो हक्क नाही. तेव्हा इथल्या संचालकाच्या वैयक्तिक हमीचं किंवा जपानमधल्या पालक कंपनीच्या कॉर्पोरेट गॅरंटीचं भाषांतर नुसतं ‘होशो’ असं झालं, तर सही करणाऱ्याला आपल्या डोक्यावरचा भार खऱ्यापेक्षा हलका वाटतो. परिणामाच्या दृष्टीने रेन्ताई होशो जवळचा. कातकानातलं ‘ग्यारान्ती’ तर विसराच. तो शब्द जपानीत कलाकाराच्या मानधनासाठी चालतो. आणि लेटर ऑफ कम्फर्ट आलं तर त्याला होशोच्या कुळात घुसवू नका. पालक कंपनी उपकंपनीवर लक्ष ठेवील एवढंच ते म्हणतं. जपानीत त्याला ‘केइएई शिदो नेन्शो’ हा रुळलेला शब्द आहे, आणि मुख्य कार्यालय हमीऐवजी हा कागद देते ते नेमक्या याच फरकासाठी.

आता जे शब्द निरुपद्रवी वाटतात ते. चालू खात्याला ‘तोझा योकिन’. जपानच्या ठेव विम्यात बिनव्याजी, मागताक्षणी मिळणाऱ्या अशा ठेवीला पूर्ण रकमेचं संरक्षण आहे. भारतात चालू खातं असो वा मुदत ठेव, दर बँकेमागे दर ठेवीदाराला ५ लाख रुपये. सहकारी बँकेत खातं असलेल्या पुरवठादाराचा कागद जपानी वाचकाकडे जात असेल तर ही तळटीप द्यावीच. चेक न वटण्याला ‘फुवातारी’. जपानमध्ये सहा महिन्यांत दोनदा फुवातारी झाली की बँकांशी व्यवहार दोन वर्षं बंद, म्हणजे धंदा जवळजवळ संपल्यातच जमा. आपल्याकडे चेक न वटणं हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे, नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिले तर प्रकरण तिथेच मिटतं. एकीकडे फौजदारी, एकीकडे व्यवहारबंदी. एकच शब्द दोन्हीकडची भीती वाहून नेऊ शकत नाही. बेनिफिशियल ओनर म्हणजे ‘जिश्शित्सुतेकी शिहाईशा’, शब्द अगदी तंतोतंत. पण जपानमध्ये कंपनीच्या बाबतीत मर्यादा २५ टक्क्यांहून अधिक हिश्श्याची, भारतात २०२३ पासून १० टक्क्यांहून अधिक. इथल्या बँकेचा केवायसी फॉर्म जपानीत करून पाठवला आणि मर्यादेचा आकडा लिहिला नाही, तर १५ टक्के हिस्सा असणाऱ्याचं नाव सहज गळतं, आणि खातं उघडायचं रखडतं.

आकड्यांत फार वेळ घालवायला नको, पण चूक झाली तर तिथे सर्वांत महाग पडते. १ लाख म्हणजे १० ‘मान’, १ कोटी म्हणजे १,००० मान, आणि १ ‘ओकु’ म्हणजे १० कोटी. १२ कोटी ५० लाखांचं होतं १ ओकु २,५०० मान. कोटीला ओकु समजणारा माणूस रक्कम दसपट करतो. रुपये की येन हे प्रत्येक तक्त्याच्या शिरावर लिहा. वर्षाचा सापळा याहून चकवा देणारा, कारण दोन्ही देशांचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च असल्याने काही अडेल असं वाटतच नाही. आपल्याकडच्या ताळेबंदात एफवाय २५ म्हणजे मार्च २०२५ मध्ये संपलेलं वर्ष. जपानी ‘२०२५ नेन्दो’ एप्रिल २०२५ मध्ये सुरू होतं. तिथल्या वाचकासाठी ‘२०२५-नेन सानगात्सु-की’, म्हणजे मार्च २०२५ ला संपलेला काळ, असं लिहिलं की प्रश्न मिटतो. प्राप्तिकराचं असेसमेंट इयर मध्ये आलं तर तारखा सरळ पूर्ण लिहाव्यात.

यावर पहिला आक्षेप असा, की जपानी कंपन्यांच्या वित्त विभागात इंग्रजी येतं, मग मूळ इंग्रजीच पाठवा. येत असेल, पण तोक्योत बसलेल्याला ‘हायपोथिकेशन’ हा इंग्रजी शब्दही भारतातल्या अर्थाने माहीत असण्याचं कारण नाही. ब्रिटिश अमलातून आलेली ती आपल्या बँकांची रूढ भाषा आहे. शिवाय निर्णयाचा कागद, ‘रिंगी’, वरच्या पातळीवर सह्यांसाठी जपानीतच फिरतो. दुसरा आक्षेप यंत्राचा: आजची यंत्रभाषांतरं चांगली आहेत, मग माणूस कशाला? चांगली आहेत, हे मान्यच. सुबक, व्याकरणशुद्ध वाक्य ती क्षणात देतात, आणि म्हणूनच हेन्साई यूयो आणि सुएओकी किकान यांतली निवड चुकली तर ती कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. यंत्राकडून मसुदा घ्या. पण कर्ज, तारण, हमी, थकबाकी आणि आकडे यांच्या प्रत्येक ओळीला वरचा प्रश्न स्वतः विचारा. तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: भाषांतरकार वकील नाही, त्याने कायद्याच्या टिपा द्याव्यात का? सल्ला देऊ नये, हे खरं. पण ‘हा शब्द जपानी कायद्यातल्या अमुक संकल्पनेशी पूर्ण जुळत नाही’ हे सांगणं भाषांतराचाच भाग आहे. ते दडवून गुळगुळीत शब्द लिहिणं हाच खरा कायदेशीर निवाडा ठरतो, कारण वाचणारा त्यावर सही करतो. काम देणारी कंपनी टिपांनी कागद जड होतो म्हणून नाक मुरडेल. मग टिपा मजकुरात न घालता शेवटच्या एका पानावर, संज्ञेच्या क्रमाने द्या आणि मजकुरात फक्त क्रमांक ठेवा.

तयारीसाठी दोन्हीकडची माहिती दोन्हीकडच्या मुळातून घ्या. भारतीय बाजूसाठी रिझर्व्ह बँकेची मास्टर डायरेक्शन्स, जपानी कायद्यासाठी तिथल्या न्याय मंत्रालयाचा कायदे-अनुवादांचा संग्रह. जपानी लोक भारतीय संज्ञांना आपल्या भाषेत काय म्हणतात, हे पाहायचं तर जेत्रो या जपानी व्यापारवृद्धी संस्थेने भारतातल्या चलन नियमांवर जपानीत लिहिलेली माहिती फार उपयोगी. बाह्य व्यावसायिक कर्जाला तिथे ‘ताइगाई शोग्यो कारिइरे’ लिहितात आणि सोबत ईसीबी हे लघुरूप ठेवतात. जो शब्द तिथल्या वाचकाच्या नजरेखालून आधीच गेला आहे, तो आपण नव्याने घडवायची गरज नाही. सँक्शन लेटरमधला एखादा मुद्दा कळला नाही तर बँकेच्या क्रेडिट अधिकाऱ्याला थेट विचारावं, आणि विचारताना शब्दाचा अर्थ विचारू नये. ‘हप्ता चुकला तर तुम्ही काय कराल?’ असं विचारावं, उत्तर नेमकं मिळतं. काम पूर्ण झाल्यावर स्वतःचा संज्ञासंग्रह भरताना शब्दासमोर त्याचं भाषांतर, ते कुठल्या कागदात वापरलं आणि कुठल्या तारखेच्या नियमावर बेतलं, हे तिन्ही लिहून ठेवा. बेनिफिशियल ओनरची मर्यादा २०२३ मध्ये २५ वरून १० टक्क्यांवर आली. जपानी संहितेत १ एप्रिल २०२० पासून व्यक्तीने दिलेल्या फिरत्या स्वरूपाच्या सर्वच हमींना कमाल रक्कम, ‘क्योकुदोगाकु’, लिहिणं सक्तीचं झालं. पुरवठादाराचे पैसे ‘तेगाता’ने, म्हणजे वचनचिठ्ठीने देण्याची जपानमधली जुनी पद्धत १ जानेवारी २०२६ पासून उपकंत्राटाच्या व्यवहारांत बंद झाली आहे. तारीख नसलेला संज्ञासंग्रह दोन वर्षांनी उघडाल तेव्हा त्यातल्या कुठल्या नोंदी अजून खऱ्या आहेत हे ओळखायला तुमच्याकडे काहीच नसेल.